एर्लेंदुरचं बिऱ्हाड

वाग्वूर बंदराच्या कचेरीत
खिडकीखालचं यंत्र आजपासून नवं.
जुन्याचा पंखा तीन महिने खरखरत होता,
काल आम्हीच त्याची वायर काढली.

अडचण एकाच प्रोग्रामची.
एर्लेंदुरनं सतरा वर्षांपूर्वी लिहिलेला:
दोन बेटांमधला प्रवाह केव्हा उलटेल
तेवढं सांगतो, दुसरं काही करत नाही.
नव्या यंत्रावर ठेवला तर हटूनच बसला,
हवी ती लायब्ररी सापडत नाही म्हणाला.
त्याला हवी ती आवृत्ती
आता कुणी बाळगत नाही.
एर्लेंदुरला विचारावं, तर तो
चर्चमागच्या उतारावर. दोन हिवाळे झाले.

तेव्हा कंटेनर.
हा शब्द इथे उच्चारला की सगळे धक्क्याकडे बघतात.
"वीस फुटी की चाळीस?" बार्दुरनं विचारलंच.
या बेटांवर विंचू नाहीत, नाहीतर म्हटलं असतं
बिऱ्हाड पाठीवर.
म्हटलं, शंखात राहणारा खेकडा बघितलायस ना?
तसं. घर घेऊनच हिंडायचं.

आधी जुनं काढा, अशी सूचना.
कोऱ्या यंत्रात जुनं कुठून येणार?
तरी सांगितलं. यंत्र म्हणालं,
बसवलेलंच नाही, काढू काय.
मग किल्ली आणली. ही कुलूप उघडत नाही,
पाठवणाऱ्याची सही खरी का, तेवढं बघते.
ती वाचायची मुभा द्यायला विसरले
आणि अर्धा तास गेला.
मग माल कुठून उतरवायचा तो पत्ता.
मग यादी ताजी.
मग, पुढे जायचं? हो की नाही?
हो.

ओळी सरकल्या. कॉफी निवली.
पहिली आज्ञा दिली:
परवानगी नाकारली.
माझं नाव गटात घातलं.
परवानगी नाकारली.
तिसऱ्यांदा वाचताना कळलं,
गटात नाव असून भागत नाही,
एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं.

लॉगआउट केलं, आणि का कोण जाणे
मीही उठले. दार ढकलून
एर्लेंदुर सिगारेट ओढायचा त्या खांबापाशी उभी राहिले.
वारा तोंडावर, मिठाचा.

मी उत्तरेच्या बेटावरची.
पहिली चार वर्षं इथे माझं टेबल होतं,
पगार होता, पाटीवर नाव होतं,
आणि सगळे हवापाण्याचंच बोलायचे.
मग बाळंतपणाला माहेरी गेले.
सात महिन्यांनी बोटीतून उतरले,
तर दोर बांधता बांधता, वरही न बघता
एर्लेंदुर म्हणाला, "आलीस का, मार्जुन?"

आत आले. लॉगिन.
यंत्रानं नमस्काराचा परिच्छेद छापला,
सगळं नीट बसलंय म्हणून.

संध्याकाळपर्यंत त्याचं घर मांडत होते:
तेव्हाचं डेबियन, तेव्हाच्या लायब्रऱ्या,
वळणाच्या अक्षरांची तेव्हाची जुनाट रीत.
प्रोग्राम उठला, इकडे तिकडे बघितलं,
सगळं जागच्या जागी.
आपण इथे पहिलेच, एकटेच, असं त्याला वाटतं.
वाटू दे.
घड्याळ तेवढं बाहेरचं.
ते कुणालाच वेगळं मिळत नाही.

सोळा बेचाळीस, तो म्हणाला, पश्चिमेकडे.
माझ्या भिंतीवरच्या तक्त्यात सोळा बावन्न.
पोटात गोळा आला.
बिऱ्हाड हलवताना काही फुटलं का?
फाइल उघडून एकेक ओळ खाली गेले.
एकशे अठराव्या ओळीशेजारी त्याच्या हातची टीप:
दहा मिनिटं आधी दाखवणे.
बार्दुर नेहमी उशिरा निघतो.

फोन वाजला. "मार्जुन, प्रवाह कधी फिरतोय?"
"सोळा बेचाळीस," मी म्हटलं,
आणि फाइल न बदलता बंद केली.